पडद्यावरचं हिरवं लुगडं

माझं माहेर नरडाण्याचं. माझे वडील, नाना, धुळ्याच्या टॉकीजचे बोर्ड रंगवायचे, अन् मी लग्न होऊन जळगावला आले ती खोक्यांना लागले, म्हणजे रावेरच्या केळीच्या खोक्यावर चित्र असतं ना, ते मी कंप्युटरवर करते, तर रंगाचं वेड घरातलंच म्हणा. काय सांगू तुम्हाला, केळी रंगवून रंगवून वीट आला होता, अन् धुळ्याच्या सिनेमावेड्या पोरांचा फोन आला, अक्का, जुन्या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरांच्या डीव्हीडींचा संच काढतोय, त्याच्या डब्यावरचं चित्र तुम्ही करा.

केला. सगळा काळा-करडा, एकदम झोकात, मधोमध त्यातल्या एका पिक्चरची नटी पदर घेऊन उभी. नाना आता माझ्याकडेच असतात, हात थरथरतो, चहाची बशी सांडते, ब्रश तर कधीचा सुटला. स्क्रीनजवळ आले अन् म्हणे, बेटा, हाई बठ्ठं काबरं काळं करी टाकं? हिनं लुगडं हिरवं शे. मी हसले, नाना, पिक्चरच बिनरंगाचा, मग सगळं काळंच असणार, हिरवं कुठून आणलं? तर म्हणे, बोर्डवर आम्ही रंग द्यायचोच, बिनरंगाचा बोर्ड बघून कोण तिकीट काढील, अन् तवय तुनी माय नवी नवरी व्हती, तिनं लुगडं हिरवं, तोच रंग मी हिले दिन्हा. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली हो.

मी त्यांच्या हातात ब्रश दिला, मनगट मी धरलं, कागदावर तेवढं लुगडं रंगवलं, रंग काठाबाहेर गेला, तो तसाच डब्यावर घेतला. पोरं म्हणाली, अक्का, हे चूक आहे, पिक्चरमध्ये रंग नव्हता, काढून टाका. खरंच होतं त्यांचं. पण नानांना कोणत्या तोंडानं सांगू, ते रोज विचारायचे, छापाई ग्यं का?

शेवटी नमुन्याचा डबा अन् नाना, दोघांना घेऊन धुळ्याला गेले. तिथं एका पोराची आजी बसलेली. तिनं डबा हातात घेतला, लुगड्यावरून बोट फिरवलं अन् म्हणे, हाऊ पिक्चर मी टॉकीजमा देखेल शे, बाहेर बोर्डवर, आत पडदावर, असंच हिरवंगार लुगडं व्हतं तिनं. पोरांनी डबा तसाच छपाईला दिला. मग कुणी काढा म्हटलं नाही.

परतताना बसमध्ये नाना हळूच म्हणे, तुनी मायले बठ्ठा धुळानी देखं, पडदावर.

आता एक डबा आईच्या फोटोखाली असतो. नाना त्याच्यासमोर बसून चहा पितात, बशी सांडते. मी म्हणते सांडू द्या, नाना, रोज सांडू द्या.