बन्सीलालची पहिली बिडी

...नाही, मी म्हणतो, विचारायला दुसरे प्रश्न काय कमी होते का हो त्या बाईंकडे? खोकला येतो का, विचारा. बेडका पडतो का, विचारा. चूल कुठं, खिडकी कुठं, ढोरं कुठं बांधता, विचारा की, कोण नाही म्हणतंय! बन्सीलालनं सगळ्याची उत्तरं दिली, अगदी बेडक्याचा रंगसुद्धा सांगितला, ओट्यावर ताठ बसून, मांडीवर हात ठेवून, शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरगं बसतं ना, तस्सा! आणि सगळं झाल्यावर, आता बाई उठणार, चहा पिऊन जाणार, असं वाटत असताना बाईंनी गोड हसून विचारलं, "बन्सीलालभाऊ, पहिली बिडी कितव्या वर्षी ओढलीत?"

एवढासा प्रश्न हो!

पण तुम्हाला सांगतो, त्या एवढ्याशा प्रश्नानं बन्सीलालच्या तोंडचं पाणी पळालं. प्रकाशा गावाच्या अलीकडं, तापीच्या काठाला बन्सीलालचं गाव. चौसष्ट सालची गोष्ट. बन्सीलाल म्हणजे केळीवाला, कापूसवाला, हातापायानं धडधाकट माणूस, फक्त दोन हिवाळ्यांपासून खोकला असा लागला होता की देवळात आरती चालू असताना बन्सीलाल खोकला तर लोक टाळ थांबवायचे! आणि त्याच सुमाराला पुण्याहून डॉक्टर लोकांची पाहणी आली, आणि तिच्याबरोबर प्रश्न विचारायला या बाई. छातीचे रोग आणि तंबाखू. घरोघर जायचं, बिडी ओढणाऱ्याला गाठायचं आणि विचारायचं, सुरू कधी केली? का, तर म्हणे माणूस जितक्या लहानपणी सुरू करतो तितकी छाती जास्त खराब होते. बरोबर आहे. पण अहो, इथं स्वतःच्या जन्माचं साल कुणाला माहीत नाही, तिथं बिडीच्या जन्माचं साल सांगायचं?

लोकांनी काय काय सांगितलं, ऐका. एक म्हातारबुवा म्हणाले, "तापीले मोठा पूर उना ना, तवय." बाई म्हणाल्या, कोणता पूर? तर म्हणाले, "मोठा!" दुसऱ्यानं आधी विचारून घेतलं, शेजाऱ्यानं किती सांगितलं? वीस? मग आपले एकोणीस लिहा! आणि रूपचंद, बन्सीलालचा लहानपणापासूनचा जोडीदार, त्याच्या शेजारी त्याचा बाप बसलेला. रूपचंदनं दोन्ही कानांना हात लावले, "मी? बिडी? राम राम राम!" आणि हात वर केले तसं टोपीतलं बंडल घरंगळून बापाच्या मांडीत पडलं. बापानं ते उचललं, त्यातली एक काढून स्वतः पेटवली आणि म्हणाला, "बाई, लिखा. आजपासून सुरू."

पण बाई हुशार. चिडायच्या नाहीत. पुण्याचं बोलणं, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. "हे पहा, घाई नाही. वर्ष नसेल आठवत, तर आपण शोधून काढू. मिसरूड फुटली होती का? शाळेत जात होतात का? बरं, ते राहू द्या. लग्नाआधी की लग्नानंतर?"

झालं! नेमकं तिथंच बोट ठेवलं हो बाईंनी!

कारण बन्सीलालच्या घरात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. पाठच होतं म्हणा ना! लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा, आणि बन्सीलाल कडब्याच्या गंजीमागं बिडी ओढताना आईला सापडला. आई म्हणजे सुगंधाबाई. आवाज असा की अलीकडून हाक मारली तर पलीकडच्या काठावरच्या म्हशी मान वर करायच्या! ती कडाडली, "हाई काय शे रे?" आता बिचाऱ्यानं काय सांगावं? खरं सांगितलं तर मार. म्हणून जे तोंडाला आलं ते बोलून मोकळा झाला, "काय करू माय, ती घरमा दिवसभर रडस. मन्हं डोकं फिरस, म्हनीसन लागनी."

ती म्हणजे प्रमिलाबाई. नवी नवरी. सोळा-सतरा वर्षांची पोर, माहेर सुटलेलं, रडणार नाही तर काय करणार? पण सुगंधाबाईंनी ते वाक्य जे उचललं ते खाली ठेवलंच नाही! लग्नात, बारशात, पाणवठ्यावर, "मन्हा बन्सी सोन्यासारखा व्हता. सुपारी खाये नही. हाई घरमा उनी आनि बिडी लागनी!" इतकं की तळोद्याच्या बाजूला प्रमिलाबाईंचं माहेर, तिथपर्यंत गेलं. आणि तुम्हाला सांगतो, प्रमिलाबाईंचे वडील, शांतीलाल, पंचांत मान असलेला माणूस, ते आले आणि या ओट्यावर उभे राहून व्याह्यांपुढं हात जोडून म्हणाले, "पोरीनं काही चुकलं व्हई तं पदरमा घ्या." बन्सीलाल तेव्हा आत होता. बाहेर आला नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं माठाजवळ उभा राहिला, आणि माठ रिकामा होता तरी उभाच राहिला.

त्याला वीस वर्षं झाली. पोरं मोठी झाली. आणि आता या बाई! ओट्यावर सुगंधाबाई सुपारी कातरत बसलेल्या, दाराआड प्रमिलाबाई, आणि मध्ये हा प्रश्न. बन्सीलालनं घसा साफ केला, त्यात खोकल्याची एक उबळ आली, ती संपली आणि म्हणाला, "लगीननंतर. एकवीस लिखा."

बाईंनी लिहिलं. चहा झाला. बाई गेल्या. प्रमिलाबाईंनी कप उचलले, आत नेले, परत आल्या, आणि रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "आते पुनालेबी कयनं."

आता पुण्यालासुद्धा कळलं! बस्स. पुढं शब्द नाही. आणि मी तुम्हाला विचारतो, बायको भांडली तर माणूस भांडून मोकळा होतो की नाही? पण ही भांडेचना! वाढायची, पाणी द्यायची, सगळं जिथल्या तिथं. बन्सीलाल केळीत गेला, बिडी पेटवली, कडू लागली. दुसरी पेटवली, तीही कडू. शेवटी तो रूपचंदच्या शेतात गेला आणि म्हणाला, आपण सुरू कधी केली रे?

रूपचंद हसून बांधावर आडवा झाला. "लगीननंतर? अरे कोनं लगीन? आपला तवय दूधना दात पडी ऱ्हायंतात!"

"ते माले माहीत शे."

"मंग माले काबर इचारस?"

बरोबर होतं. कशाला विचारत होता? बन्सीलाल त्याच्याशेजारी बांधावर बसला. मग म्हणाला, सासरे आमच्या ओट्यावर हात जोडून उभे होते रे. रूपचंदचं हसणं थांबलं. त्यानं आपली बिडी विझवली आणि म्हणाला, "मंग सांगी टाक ना." सांगी टाक! काय सोपं आहे! वीस वर्षांचं खोटं म्हणजे काय पायातला काटा आहे, बसल्या जागी काढून टाकायला? आईपुढं कोण बोलणार? आणि आता विचारतंय तरी कोण?

विचारायला कोण? पुन्हा बाई!

हो! पुन्हा आल्या! महिना-दीड महिना झाला असेल, केळीचे घड उतरवणं चाललेलं, आणि बाई त्याच ओट्यावर हजर. का, तर म्हणे काही निवडक लोकांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. बन्सीलालला वाटलं, आपलीच निवड का? आपल्या तोंडावर दिसतं का काही? बाई म्हणाल्या, "तसं नाही हो. चिठ्ठी टाकून नावं काढतो. माणूस तेच वय पुन्हा सांगतो का, ते पाहायचं. आठवणीवर भरवसा किती ठेवायचा, ते आम्हाला कळायला नको?" घ्या! म्हणजे पुण्याच्या लोकांचं कामच हे, माणूस एकदा खोटं बोलून कसाबसा निभावला की त्याला पुन्हा बोलायला लावायचं!

आणि या वेळी ओटा भरलेला. रूपचंद आलेला, मजूर आलेले, सुगंधाबाई तर आडकित्ता घेऊन मधोमध. बाई म्हणाल्या, "बन्सीलालभाऊ, पाहिजे तर आपण एकीकडं बसू." लगेच सुगंधाबाई, "काबर? लपाडानं काय शे? सांग रे बन्सी, लगीननंतर!"

"आजी, त्यांना सांगू द्या. हं, बन्सीलालभाऊ, पहिली बिडी... लग्नाआधी की लग्नानंतर?"

एवढासा प्रश्न हो! बन्सीलालनं तोंड उघडलं, आणि त्याचं लक्ष दाराकडं गेलं. प्रमिलाबाई उभ्या होत्या. पिठाचे हात, डोक्यावर पदर. रागानं बघत नव्हत्या. बघतच नव्हत्या त्याच्याकडं. पण त्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. लगीननंतर. पोरं पाढा म्हणतात ना, मास्तरांनी विचारायच्या आधीच, तसं त्याचं उत्तर त्याच म्हणत होत्या. पाठ झालं होतं प्रमिलाबाईंना, स्वतःवरचा आळ पाठ झाला होता!

बन्सीलालनं दाराकडची नजर बाईंकडं वळवली. तो म्हणाला, "पहिले."

"म्हणजे पहिलं उत्तर? तेच कायम?"

"नही बाई. लगीनना पहिले."

आडकित्ता थांबला. मजूर उगाच घडाकडं बघायला लागले. बाईंनी मात्र, त्यांना काय माहीत या घरात आत्ता काय फुटलं, पेन सरळ केलं आणि धागा पकडला. "छान! किती आधी? मिसरूड?" नाही. "शाळा?" सोडली नव्हती. "आजोबा होते?"

"आजा जित्ता व्हता. त्यानी बिडी पेटाडाले मीच जात व्हतो चुल्हाजवय. निखारावर धरो. विझाले नको म्हनीसन दोन झुरका मारो..."

"मग आठ-नऊ वर्षांचे असाल! रोज?"

"रोज."

"आणि चुलीजवळ तुम्हाला पाठवायचं कोण?"

आता बघा, बन्सीलालला हे सांगायचं नव्हतं हो! देवाशपथ नव्हतं सांगायचं! पण एकदा दार उघडल्यावर ढोरं काय एकेक विचारून बाहेर येतात? तो बोलून गेला, "माय."

साऱ्या ओट्यानं सुगंधाबाईंकडं बघितलं. गावात पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, त्या ओट्यावर सुगंधाबाई असून शांतता होती. त्यांनी सुनेकडं बघितलं. लेकाकडं बघितलं. मग मान वर करून म्हणाल्या, "मंग? विझेल बिडी देवानी व्हती का सासराले?"

विझलेली बिडी द्यायची होती का म्हणे सासऱ्याला! रूपचंद फुटला, मजूर फुटले, बाईसुद्धा हसल्या. एक प्रमिलाबाई नाही हसल्या. त्या ओट्यावर आल्या, परक्या माणसांसमोर कधी न येणारी बाई, आणि पिठाचं बोट कागदाकडं दाखवून म्हणाल्या, "बाई, ते पहिलं खोडी टाका."

आता पुण्याची शिस्त! खोडत नाहीत म्हणे, दोन्ही उत्तरं ठेवतात. पण त्या पुण्याच्या बाईंना काहीतरी उमगलं असावं. त्यांनी कागद प्रमिलाबाईंपुढं धरला, एकवीसच्या पुढं नवं उत्तर लिहिलं आणि सांगितलं, "हे पहा, इथं लिहिलं. खरं वय आठ-नऊ." प्रमिलाबाईंना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी ते बराच वेळ बघितलं. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या, आणि आतून जे रडू ऐकू आलं ते नव्या नवरीचं रडणं होतं हो, वीस वर्षं राहून गेलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीलाल उठतो तर काय, सुगंधाबाई चुलीपुढं! चुलीवर मातीचं खापर उपडं घातलेलं आणि त्यावर ही एवढाली पुरणाची पोळी. गुडघे दुखतात म्हणून ज्या बाईनं खापराला हात लावणं कधीच सोडलं होतं, तिनं चळत रचली, फडक्यात बांधली आणि सुनेपुढं ठेवून तोंड फिरवून म्हणाली, "तुन्हा बापले सांग, सुगंधानी धाडी." माफी मागणं म्हणतात ते हेच. त्याहून जास्त त्या घराण्यात कुणी मागितलेली नाही.

गाडी जुंपली, नवराबायको तळोद्याकडं निघाले. वाटेत बन्सीलालनं काय बोलायचं ते घोकून ठेवलं, हळू आवाजात, दोघांतच, मानानं. पण तिथं पोचल्यावर कळलं, सासऱ्यांना आता ऐकू येत नाही!

"मामा, मी बिडी पहिलेपासून पेत व्हतो."

"काय?"

"बिडी! लगीनना पहिले!"

"लगीन? कोनं लगीन शे?"

मग काय करणार! बन्सीलालनं छाती भरून घेतली आणि बोंब मारली, "मी लगीनना पहिलेपासून बिडी पेस! तुमनी आंडेरनी काही चूक नही!" लेकीची काही चूक नाही! गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरच्या घरातल्या बाया दारात आल्या. शांतीलाल एकदा जावयाकडं बघतायत, एकदा लेकीकडं, आणि लेक मान हलवतेय, हो, हो. म्हाताऱ्याला सगळं पोचायला वेळ लागला. पोचलं तसं त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. मग डोळे पुसले आणि जावयाला, बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही ना, त्या मोठ्या आवाजात विचारलं, "मंग आते सोडी ना?"

साऱ्या गल्लीसमोर! दारादारात बाया! बन्सीलालला उबळ आली, ती संपेपर्यंत सगळे थांबले, आणि मग दुसरं काय म्हणणार हो तो? म्हणाला, "सोडी."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण सोडली! पहिले आठ दिवस पिसाळल्यासारखा फिरला, बडीशेप खाल्ली, गूळ खाल्ला, केळीची साल सोडून बाकी सगळं खाल्लं. पण सोडली. पुढच्या हिवाळ्यात आरती झाली, टाळ थांबले नाहीत. आणि घरात पोरंबाळं आहेत म्हणून सुगंधाबाईंनी दंडक घातला, या घरात दुसऱ्याची बिडी पेटवायला कुणी पोर जायचं नाही, ज्यानं त्यानं आपली पेटवावी!

काही महिन्यांनी बाई पुन्हा त्या वाटेनं चालल्या होत्या. विचारायचं काही नव्हतं, सहज डोकावल्या. बघतात तर बन्सीलाल चुलीशेजारी पाट घेऊन बसलेला, लसूण सोलतोय, मध्येच झाकण उचलून भाजीत बघतोय, मीठ कमी आहे म्हणतोय, हे डबे इथं कशाला म्हणतोय. बाईंना फार आनंद झाला. प्रमिलाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "आता तुम्ही सुखी ना?"

प्रमिलाबाई हसल्या. म्हणाल्या, "सुखी शे बाई. पन बिडी व्हती तवय घडीघडी घरना बाहेर तरी जात व्हतात!"