विसरणारा पेनड्राइव्ह

लायनक्स, म्हंजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली सिस्टिम, कोणाच्या कामाचं नाई म्हणता? आमच्या पंचायतीतल्या बाबूले विचारा, बाबारावभाऊले.

त्यायच्या कंप्युटरची हार्ड डिस्क गेली. मी पेनड्राइव्हवरच लायनक्स टाकून देल्लं. मराठी कीबोर्ड, अर्जाचे नमुने, सगळं त्यातच. फक्त लिहिलेलं जपून ठेवाची सोय कराची राह्यली. कंप्युटर बंद केला का सगळं साफ!

हे मले पंधरा दिवसानं आठवलं. दुसरा पेनड्राइव्ह बनवून धावत गेलो.

"भाऊ, माफ करा. जुन्यात काहीच राहत नोहतं. याच्यात जे लिहान ते राहीन."

"ते तं मले पहिल्याच दिवशी समजलं," भाऊ आरामात म्हणाले. "दोन्ही राहू दे."

"दोन्ही काऊन?"

"नव्यात माह्या रजेचे अर्ज. जुन्यात लोकायच्या तक्रारी. डोळ्यासमोर टाइप होते, माणूस खुश होऊन घरी जाते."

मी पोट धरून हसलो. मंग एकदम आठवलं.

"भाऊ, वाघ फिरून राह्यला, माह्या घरापुढच्या खांबावरचा लाइट लावा, अशी तक्रार मी मागच्या हप्त्यात नोंदवली होती. ते?"

भाऊ खिडकीतून टपरीकडं ओरडले, "एक च्या पाठव रे! पेशल!"