राक्षसाचे गुणदोष, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी

सन्माननीय अध्यक्ष, अकोल्याच्या कोर्टात ज्यांचा आवाज घुमतो ते आपल्या बार्शीटाकळीचे बापूसाहेब वकील. आजचे सत्कारमूर्ती, फिरत्या टॉकीजचे मालक पंजाबराव. बायकांच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती पंचफुलाबाई. पडद्याच्या अलीकडे बसलेले समस्त पुरुषजन आणि नेहमीप्रमाणे पडद्याच्या पलीकडे बसलेल्या माझ्या माताभगिनी, भगिनींत एक अपवाद धरून, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

अपवाद म्हणजे अध्यक्षांची कन्या चारुशीला. तिचं अकोल्याचं स्थळ उद्या ठरायचं आहे. बसा, बापूसाहेब, मी विषयावरच येतो आहे.

पावसाळा तोंडावर आला, उद्या हा तंबू उतरणार. पंजाबराव मला म्हणाले, "उद्धव, तू अमरावतीच्या कॉलेजात होता ना बे? मंग आपल्या राक्षसाच्या सिनेमाचे गुणदोष तूच सांग." कॉलेजात होतो हे खरं. दुसऱ्या वर्षी एका प्राध्यापकांशी मतभेद झाला. मतभेद माझा होता, मोडली ती खुर्ची त्यांची होती. तेव्हापासून मी घरीच आहे.

तर आधी दोष. समुद्रातून निघालेला हा ताडाएवढा सरडा चालू लागला की गुडघ्यापाशी त्याच्या कातड्याला घड्या पडतात. वळला की पाठीवर गुंड्या दिसतात. शहर पुठ्ठ्याचं. माणसं जीव घेऊन पळतात, पण त्यांत एकच टकला गृहस्थ पुन्हा पुन्हा पळतो. त्याचं घर आहे तरी कुठं? आणि राक्षसाची डरकाळी म्हणजे हुबेहूब आपल्या कापसाच्या जिनाचा भोंगा! पहिल्या खेळाला दोन गडी उठून कामावर निघाले होते.

आमच्या रामरावकाकांची तक्रार निराळीच. "आमाले पुढून दाखोतेत अन् बायाईले मागून! पुरा राक्षस पाहाचा तं दोन तिकिटं काढा लागतात का?" शेवटी पंचफुलाबाईंनी त्यांना पलीकडे डोकावू दिलं. तिकडेही राक्षसाचं तोंडच! एवढंच, की आपल्याकडे तो डाव्या हातानं पूल मोडतो आणि तिकडे उजव्या. काका बाहेर येऊन म्हणाले, "बायाईकडला जरा सभ्य आहे."

आता गुण. गुण एकच, पण तो असा की सगळे दोष त्यात बुडावेत.

चैत्रातला तो खेळ आठवतो ना? राक्षस अंगावर चालून येत होता आणि नेमकी वावटळ सुटली. पडदा फुगला, राक्षसाचं पोट फुगलं, बांबू कडाडला आणि अख्खा राक्षस आपल्यावर, पुरुषांवर, कोसळला. कोण कसं पळालं हे मी अध्यक्षांसमोर सांगत नाही. अध्यक्ष सर्वांच्या पुढे होते.

पण मशीन चालूच होतं. पडदा नाही म्हटल्यावर राक्षस आता बायकांच्या लुगड्यांवरून चालू लागला. एकच किंकाळी उठली. त्यात एक मुलगी तेवढी शांत बसून शेंगा सोलत होती. राक्षसाचा पंजा तिच्या खांद्यावर आला. तिनं तो पदरानं झटकला, समोर मला एकट्याला उभं पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही काहून नाही पळाले?"

मी म्हटलं, "पाय वळले नाहीत."

अध्यक्षमहाराज, ते अजून वळत नाहीत. ज्या सिनेमानं पुठ्ठ्याचं शहर पाडून खरा माणूस दाखवला, त्याला वाईट कसं म्हणू? मी चारुशीलेला मागणी घालतो आहे, भर सभेत आणि शुद्धीवर. डोकं तापट आहे, पदवी नाही, हे दोष मान्य. पण वकिलानं दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल...

कोण बोललं पलीकडून? पंचफुलाबाई, जरा मोठ्यानं सांगता का?

"चारूताई म्हन्ते, राक्षसाचा खरा दोष तुमी सांगतलाच नाई. एवढा मोठा गडी, तावातावानं निंघाला, दिसन ते मोडलं, पन जाचं कुठं ते त्याले ठावंच नाई!"

हसा, मंडळी, हसा. हा दोष कोणाला लागला ते मला कळलं.

"आनखी म्हन्ते, पह्यले कॉलेजात वापस जा म्हना. पदवी घेऊन या. तवरोक मी अकोल्याच्या स्थळाले हो म्हनत नाई. बाबाईले बी आयकू द्या म्हन्ते."

ऐकलंत, बापूसाहेब? आपण पायातली वहाण हातात घेतली आहे, ती मला दिसते आहे. पण वादी मी असलो तरी साक्ष तुमच्या घरची आहे.

पंजाबराव, उद्या तुमचा ट्रक अमरावतीला जाणार ना? एका माणसाची जागा होईल? "फिल्मच्या पेट्याईवर बस," म्हणतात. बसतो!

मंडळी, पंजाबरावांनी आम्हाला राक्षस दाखवला, पंचफुलाबाईंनी निरोप पोचवला, आणि अध्यक्षांनी आत्ताच वहाण पुन्हा पायात घातली, त्याबद्दल तिघांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर अर्धवट शिकलेल्याचं बोलणं समजून आज सोडून द्या. पूर्ण शिकून आलो, की मग मात्र सोडू नका.