चार कोऱ्या साड्या

लिंबायतहून निघालेल्या शेअर रिक्षात हर्षदा शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, आणि कान मात्र शेजारच्या दोघींकडे होते. एक होती दिवस भरत आलेली पोटुशी बाई, दुसरी तिची लुगड्यातली शेजारीण.

"मावशी, माझी पहिलीच गोधडी. चार साड्या एकावर एक घातल्या, पण टाका घातला की थर सरकतात."

"साड्या कसल्या?"

"यांच्या कारखान्यातल्या. कोऱ्या करकरीत."

"अगं येडे, पॉलिस्टर ती! सरकणारच. अन् बाळ घामेजेल त्यात. नव्या जिवाला जुनं सुती लागतं, शंभरदा धुतलेलं."

"आता ते कुठून आणू? कपड्याच्या गावात राहून घरात सुती चिंधी नाही. अन् पुढच्या महिन्यात तर बाळ येईल."

"हे माझं लुगडं बघ. लाव हात."

"व माय, किती मऊ!"

"बारा वर्षं नेसतेय. संध्याकाळी धुऊन देते, घेऊन जा."

"मग तुम्ही काय नेसाल?"

"तुझ्या चार कोऱ्या साड्या आहेत की! टाके उसव अन् आण."

"मावशी, पण पहिला टाका काठावरून घालायचा की मधून?" हर्षदाने न राहवून विचारलं. शाळा केव्हाच मागे गेली होती.