पहिली येऊ नकोस, पूर्वा!

नाही, पण मला एक सांगा, शर्यत म्हणजे पुढे जायचं असतं ना? निदान शब्दकोशात तरी? मग सगळ्या जगात मीच एकटी अशी का, जिचे सख्खे बाबा शर्यतीच्या सकाळी तिच्या हेल्मेटचा पट्टा आवळत सांगतात, "पूर्वा, काय वाट्टेल ते कर, पण पहिली येऊ नकोस!"

आणि हे का? तर खर्च कमी व्हावा म्हणून!

तुम्हाला सांगते, आमचा क्लब म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही हो. तेलीबागच्या पुढे रायबरेली रोडला एका बंद गोदामाचं सिमेंटचं आवार आहे, तिथे रविवारी केशरी शंकू मांडायचे आणि त्यांच्याभोवती आपापल्या जुन्या गाड्या पळवायच्या. सगळे बँकवाले, विमावाले, रिटायर्ड. आमची मारुती आठशे, पांढरी, अकोल्याहून बदली झाली तेव्हा बाबांनी स्वतः चालवत लखनौला आणलेली. रिटायर झाल्यापासून त्यांनी तिच्या इंजिनात जेवढं लक्ष घातलंय ना, तेवढं माझ्या लग्नात... जाऊ दे. त्यांची मान आखडली, डॉक्टरांनी पट्टा बांधला, आणि गाडी आली माझ्याकडे. माझ्याकडे! कुकरची शिट्टी झाली तरी मी जागच्या जागी उडते!

तर सगळं सुरू झालं हर्षवर्धनजींपासून. लखनौच्या महानगर नावाच्या श्रीमंत वस्तीत बंगला, क्लबचे अध्यक्ष, आणि एकदा त्यांनी गाडीला असे काही टायर लावून आणले की त्या किमतीत आमची अख्खी गाडी आली असती. ओरड झाली. मीटिंग झाली. नियम आला : सगळ्यांनी एकाच प्रकारचे, साधे टायर लावायचे. खर्च कमी व्हावा म्हणून! म्हणजे आम्ही आमचे चांगले चालणारे टायर काढून नवे घेतले. हर्षवर्धनजींनीही तेच साधे घेतले, पण दर रविवारी नवे कोरे! मग टायरांवर शिक्के. शिक्क्यांची फी. मग इंजिनाला सील. सीलची फी. बाबांना स्वतःच्या गाडीचा प्लग बघायचा तर अध्यक्षांची परवानगी! शेवटी शर्यतीनंतरचा नाश्तासुद्धा बंद केला, खर्च... हो, तेच. त्यावर आई म्हणाली, "मी पोहे आणत जाईन," तर तिला पैसे द्यावे लागू नयेत म्हणून फुकटात मानद सभासद करून टाकलं! आमच्या आईला! बाबांनी तिसरा गिअर टाकला की जिच्या तोंडून आपोआप "अहो, हळू!" निघतं, तिला!

एवढं करून खर्च काही कमी होईना. तेव्हा हर्षवर्धनजींनी कुठूनसा वाचून तो नियम आणला. जी गाडी पहिली येईल ती कुठल्याही सभासदाने हात वर करून मागायची, भाव ठरलेला, चाळीस हजार, आणि मालकाला नाही म्हणता येणार नाही. "सिंपल है," म्हणाले, "कोई लाखों लगाएगा ही नहीं! गाड़ी तो चालीस में चली जाएगी!" टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या. आणि मग हर्षवर्धनजी आमच्या बॉनेटवरून हात फिरवत म्हणाले, "रामदासजी, आपकी गाड़ी तो मक्खन है, मक्खन." तेव्हा बाबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही...

"दुसरी ये," बाबा मला म्हणाले. "शेवटची आलीस तर नाक जाईल. पहिली आलीस तर गाडी जाईल. दुसरी!"

आता मला सांगा, प्रत्येकाच्या घरी हेच सांगून पाठवलं असेल तर काय होईल? झेंडा पडला आणि कुणी हलेचना! कसेबसे निघालो, सायकलवाले हसतील अशा वेगाने फेऱ्या झाल्या, आणि शेवटच्या फेरीला बघते तर काय, रेघेच्या अलीकडे पाच गाड्या एका ओळीत उभ्या, इंजिनं घुरघुरतायत, आणि हर्षवर्धनजी खिडकीतून हात बाहेर काढून, अगदी अदबीने, "पूर्वाजी, पहले आप." मी म्हटलं, "नहीं नहीं सर, आप अध्यक्ष हैं." "अरे, बेटियाँ पहले!" पलीकडून विमावाले अभिजितजी, "यार, मेरी तो गरम हो गई, आप लोग निकलिए." एकाने तर रिव्हर्स टाकला. शर्यतीत रिव्हर्स!

आणि झेंडा धरून धरून हात भरून आलेले आमचे नरेंद्रकाका. तो माणूस वैतागला हो. ताडताड चालत आला, माझ्या खिडकीशी वाकला आणि कानात शिट्टी फुंकली. फुर्रर्रर्र!

माझा पाय ब्रेकवरून उडाला तो कुठे पडला ते तुम्हाला कळलंच असेल.

आयुष्यात पहिल्यांदा पहिली आले आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसाहमशी रडले! बाबा मानेच्या पट्ट्यासकट धावत आले. मागोमाग हर्षवर्धनजी, हातात चेकबुक. पण माणूस पक्का लखनवी! आल्या आल्या मागणी कशी करायची? आधी बाबांच्या मानेची चौकशी. मग मालिशचं तेल कुठलं लावता. मग उनकी मौसी को भी यही था... आणि ते मौसीपाशी असतानाच पोह्यांच्या टेबलामागून एक उलथनं वर गेलं.

"मी मागते," आई म्हणाली.

"भाभीजी... आप?"

"क्यों? सदस्य नहीं हूँ मैं? पोहे खाते वक्त तो थी!"

नरेंद्रकाका म्हणाले, "नियम तो नियम है," आणि झेंडा गुंडाळला. बाबांचे डोळे भरून आले. "द्रौपदी, वाचवलंस गं!" त्यांनी आईला चाळीस हजार दिले, आईने ते त्यांनाच परत दिले, व्यवहार संपला. आणि बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

आईने किल्ली कपाटाच्या जुडग्यात अडकवली. जुडगा कमरेला.

"अहो, गाडी आता माझी आहे ना? माझी गाडी शर्यतीला जात नाही."

आता रविवारी आम्ही आलमबागला सब्जी आणायला जातो. मी चालवते, आई शेजारी, बाबा मागे, मांडीवर कोबी. आणि तुम्हाला सांगते, तीच आई, ती 'अहो, हळू'वाली, परवा एकदम ओरडली, "अगं दाब ना जरा, मेथी संपेल!" मी अशी दचकले, असं दाबलं, की पुढची ई-रिक्षा मागे, तिच्या पुढची बस मागे, सगळं आलमबाग मागे! आम्ही पहिल्या!

कोबीमागून बाबांचा खोल गेलेला आवाज आला, "पूर्वा... नियम चांगलाच होता गं. खर्च खरंच कमी झाला."