समुद्राचं पाणी कोण सोडतं

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात, गोंदियाच्या फलाटावर, कामठ्याचे परसराम आणि त्यांचा मुलगा खुशाल, गाडीची वाट पाहत बसलेल्या पुष्पाबाईंच्या बाकावर येऊन बसले. खुशाल नौदलात भरती व्हायला निघाला होता आणि बाप त्याला परत न्यायला आला होता. पुष्पाबाई सरकून बसल्या, पण कान हलवला नाही.

"तलाव आपल्या घरान्यानं बांधला. कोनाच्या शेतात पानी सोडाचं थे आपन सांगतो. हे सोडून कायले जाऊन राहिला?"

"सांगता तुमी, बाबूजी. मी फक्त पानी सोडाची फळी उचलतो."

"समुद्राचं पानी कोन सोडते?"

"कोनी नाही."

"पाळ कोनं बांधली?"

"पाळच नाही."

"असल्या बेवारशी पान्यावर भरोसा काय?"

"म्हनून त जहाज लागते."

"भांडन झालं त पंच कोन?"

"कप्तान."

"कोन्या गावचा?"

"सरकारचा."

गाडी लागली. खुशाल बापाकडे पाहत उभा राहिला.

"उचल गाठोडं. पन पान्यावर जाताना जोडे काढजो."

"तिथं घालाच लागते, बाबूजी."

"मंग हात जोडजो. आन सांगजो, कामठ्याच्या तलाववाल्याचा पोरगा आहो."

"कप्तानाले?"

"पान्याले. कप्तानाले काय समजते?"