माझा नंबर यायच्या आत

चर्चमध्ये फादरांकडे पापनिवेदनाच्या रांगेत माझ्या पुढे एक न्हावी आणि त्याची वहिनी उभे होते.

"वहिनी, मी दरवेळी तेच पाप सांगतो. हातात वस्तरा आला की मी लोकांची उणीदुणी काढतो."

"मग फादर काय म्हणतात?"

"म्हणाले, जडलेल्या सवयीत दोष थोडा कमी असतो. मी इतका खूश झालो, की तेही गिऱ्हाइकांना सांगत सुटलो!"

"भावोजी, उद्या तुमच्या लेकीचा पहिला ख्रिस्तप्रसाद. तिच्या शेजारी उभं राहून तुम्हालाही घ्यायचाय ना? मग त्याआधी पापं धुऊन निघायला हवीत."

"म्हणून तर आलोय. आता उद्यापर्यंत तोंडाला कुलूप. पण आत तो शिंपी एवढा वेळ काय सांगतोय हो?"

"शिंपी नाही, त्याची बायको आहे. तिचं तर काय विचारू नका."

"सांगा ना पटकन, माझा नंबर यायच्या आत."